मावळतीच्या आत

रागवायला सगळ्यांनाच येतं. पण रागाचं वेळापत्रक आखून, त्याची मुदत ठरवून आणि त्याला लागणारा कच्चा माल घरात भरून ठेवून रागवणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं, आणि ते बुऱ्हाणपुरात आमच्या घरासमोर राहत होतं. त्यांना कुणी नावाने हाक मारल्याचं मला आठवत नाही. शाळेत त्या मोठ्या बाई होत्या, गल्लीत समोरच्या बाई, आणि माझ्या सासूबाईंच्या तोंडी, ज्या दिवशी दोघींचं वाजलेलं असेल त्या दिवशी, 'ती किरिस्तावीण'. मूळच्या नगरकडच्या. तरुणपणी मुलींच्या शाळेत शिकवायला म्हणून इकडे आल्या आणि इथल्याच होऊन राहिल्या. उंच, सावळ्या, हाडापेराने दणकट. बारा महिने पांढरं पातळ, हातात काळी छत्री आणि गळ्यात काळ्या गोफाला अडकवलेलं वडिलांचं घड्याळ. वडील रेल्वेत गार्ड होते. त्यामुळे बाई घड्याळाकडे अशा पाहत, की आपण शिट्टी दिल्याशिवाय गाव जागचं हलणार नाही. लग्न केलेलं नव्हतं. आमचं बिऱ्हाड त्यांच्यासमोर आलं त्या पहिल्याच दिवशी सासूबाईंनी ओट्यावरून विचारलं होतं, "लगन काबरं नाही केलं वो बाई?" बाईंनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाल्या, "राहून गेलं. साडेदहाची शाळा असते ना."

त्याच शाळेत पुढे मी लागले. मी सगळ्यांत धाकटी, बाई सगळ्यांत जुन्या. मधल्या सुट्टीत आम्ही एकत्र डबा खायचो आणि डबा खाता खाता बाई मला त्यांचं शास्त्र सांगायच्या. मला धर्मात फारशी गोडी नाही, आजही नाही. पण बाईंचा धर्म कामाचा होता, म्हणून लक्षात राहिला. येशूने मंदिरात बाजार मांडून बसलेल्यांचे चौरंग उलथून टाकले आणि सगळ्यांना हाकलून दिलं, ही गोष्ट त्यांनी मला पंचवीस वेळा तरी सांगितली असेल. पण त्यांचा जीव चौरंगांत नव्हता, कोरड्यात, म्हणजे त्याने हाकलायला वापरलेल्या चाबकात होता. "तिथे लिहिलंय, त्याने दोऱ्यांचा कोरडा केला," त्या भाकरीचा तुकडा वर धरून म्हणत. "केला, बरं का. कुणाच्या हातातला ओढून घेतला नाही. दोऱ्या जमवल्या, बसला आणि वळला. त्याला वेळ लागतो. तेवढ्या वेळात तुझा राग उतरला, तर तो राग नव्हताच, पित्त होतं. नाही उतरला, तर ऊठ आणि चौरंग उलथ." पेत्र नावाचा येशूचा एक शिष्य होता, त्याने प्रभूला पकडायला लोक आले तेव्हा दोरी न वळता एकदम तलवार उपसली. "झालं काय? एका नोकराचा कान गेला. तोही प्रभूलाच परत बसवावा लागला. घाईच्या रागात नेहमी नोकराचाच कान जातो, लक्षात ठेव."

हे सगळं कुणीही बोलेल. बाई ते करायच्या. त्यांच्या पडवीत अंबाडीच्या वाखाची, म्हणजे सालीच्या धाग्यांची, भलीमोठी जुडी टांगलेली असे. निंबोला गावची एक मुलगी शाळेत होती, तिचे वडील कपाशीच्या कडेला लावलेल्या अंबाडीचा वाख दरसाल बैलगाडीतून आणून टाकायचे. बाईंना राग आला की त्या कुणाशी एक शब्द बोलत नसत. पडवीत पाट टाकून बसत, पायाच्या अंगठ्यात वाखाचं टोक धरत आणि मांडीवर पीळ द्यायला लागत. एक हात दोरी वळून झाल्यावर थांबून विचार करायचा, राग शिल्लक आहे का. असला तर दुसरा हात. गल्लीतल्या बायका येता-जाता आत डोकावून एकमेकींना विचारायच्या, "किती झाली वो?" "दीड हात." "मग काही नाही, चार वाजेपर्यंत थंड होतील." आमच्या गल्लीत एकाही घरी दोरी विकत आणल्याचं मला आठवत नाही. कपडे वाळत घालायला, पोहऱ्याला, बकरी बांधायला, सगळीकडे बाईंच्या उतरलेल्या रागाच्या दोऱ्या. त्या कोरड्याने कुणाला मारल्याचं मात्र मी कधी पाहिलं नाही. तशी वेळच येत नसे. बाई दोरी वळायला बसल्याचं कळलं की दोरी पुरी व्हायच्या आतच बहुतेक गुन्हेगार सुधारत.

दुसरा नियम याहून कडक होता. कोरडा दुसऱ्यासाठी, स्वतःसाठी नाही. मंदिरात गोरगरिबांना लुबाडत होते म्हणून प्रभू भडकला, पण स्वतःला खिळे ठोकले तेव्हा माफ करून मोकळा झाला, हा बाईंचा हिशोब. आमचा गवळी तीन वर्षं बाईंच्या दुधात पाणी घालत होता आणि बाईंना ते पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. "माझ्या चहात पाणी लागतंच," त्या म्हणायच्या, "हा घरून घालून आणतो, माझा एक हेलपाटा वाचतो." पण माझा मुलगा झाल्यावर त्याच्या दुधातही तेच पाणी येतंय, हे एके दिवशी माझ्या तोंडून निघून गेलं. बाई त्या दिवशी शाळेला अर्धी सुट्टी टाकून पडवीत बसल्या. सोमवार, मंगळवार, बुधवार, दोरी वाढत चालली. गवळी रोज सायकल लावताना तिच्याकडे पाहायचा. गुरुवारी दुधावर बोटभर साय आली. ती दोरी बाईंनी माझ्या मुलाच्या पाळण्याला बांधली आणि तिला हिसका देऊन पाहत म्हणाल्या, "मजबूत आहे. चार दिवसांची आहे."

तिसरा नियम सूर्याचा. राग कोणताही असो, आपला असो की परक्यासाठी असो, तो सूर्य मावळायच्या आत संपला पाहिजे, असं त्यांच्या शास्त्रातल्या पौलाने पत्रातून कळवून ठेवलं होतं. दोरी उद्या पुढे वळता येईल, अन्यायाशी भांडण उद्या पुढे चालवता येईल. पण माणसाला आज संध्याकाळच्या आत माफ करून टाकायचं. नाहीतर सैतानाला रात्रीपुरती जागा मिळते आणि तो भाडेकरू एकदा घुसला की निघत नाही. म्हणून बाई दिवे लागायच्या सुमाराला पायात चपला अडकवून निघत आणि ज्याच्यावर राग असेल त्याच्या दारात उभ्या राहून सांगत, "मी तुम्हाला माफ केलंय." बस. बसायच्या नाहीत, चहा घ्यायच्या नाहीत. नवख्या माणसाला आपण काय केलं होतं हेच पुष्कळदा माहीत नसे. हिवाळ्यात दिवस लहान, त्यामुळे बाईंना रागवायला वेळ कमी मिळायचा. मे महिन्यात मात्र त्या अगदी ऐसपैस रागवत.

यात अडचण अशी, की आमच्या गल्लीतून मावळता सूर्य दिसत नाही. साडेचारलाच तो शेजारच्या तीनमजली घराआड जातो. शेजाऱ्याच्या घराला बाई क्षितिज मानायला तयार नव्हत्या. म्हणून सूर्यास्ताची वेळ त्या आमच्या पंचांगातून घेत, आणि पंचांग सासूबाईंच्या ताब्यात. बाई आपल्या ओट्यावरून विचारायच्या, "आज अस्त किती?" सासूबाई चष्मा लावून खिळ्यावरचं पंचांग काढत, बोट फिरवत आणि वाचत, "सहा अडतीस." बाई घड्याळ पाहत. घरात किरिस्तावाची सावली चालणार नाही, असं म्हणणाऱ्या माझ्या सासूबाई रोज त्यांना माफीचा मुहूर्त काढून देत होत्या, आणि दोघींनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

खरी मजा यायची ती सासूबाईच गुन्हेगार असतील तेव्हा. नळ आला होता आणि झाडूवालीने आपली कळशी रांगेत ठेवली, तर सासूबाईंनी ती उचलून बाजूला ठेवली. बाईंनी ते पाहिलं. घरात जाऊन पाट आणि वाख घेऊन आल्या आणि भर नळावर सासूबाईंच्या घागरीशेजारी बसून दोरी वळायला लागल्या. एक अक्षर नाही. सासूबाई थोडा वेळ इकडेतिकडे पाहत राहिल्या, मग घागर अर्धीच घेऊन घरात आल्या. झाडूवालीने कळशी भरली. दुपारभर आमच्या घरात भांडी आदळत होती. साडेपाचला समोरून आवाज आला, "आज अस्त किती?" सासूबाईंनी चष्मा लावला, पंचांग काढलं आणि खरी वेळ सांगितली, कारण पंचांगाच्या बाबतीत त्या खोटं बोलत नसत. मग मला म्हणाल्या, "मी मोरीत हाय. ती आली तं सांग, घरी नाही." बाई आल्या. मी सांगितलं, घरी नाहीत. बाई घराला वळसा घालून मोरीच्या झरोक्यापाशी गेल्या आणि आत तोंड करून म्हणाल्या, "मी तुम्हाला माफ केलंय." आतून आवाज आला, "मी कुठी मागली माफी? कायले माफ करता मले?" "तुम्ही मागायची गरज नसते." "मले नको तुमची माफी. मी नाही घेतली." बाईंनी घड्याळ पाहिलं. "मी दिली. सहा एकोणीस." आणि गेल्या. दुसऱ्या दिवसापासून सासूबाई नळावर जाईनाशा झाल्या, मला पाठवायला लागल्या. याला सुधारणा म्हणायचं की नाही ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पण झाडूवालीची कळशी त्यानंतर कुणी उचलली नाही.

सासूबाईंनी एकदाच बाईंना पेचात पकडलं होतं. बाईंनी कधीतरी त्यांना अंजिराच्या झाडाची गोष्ट सांगितली होती. येशूला भूक लागली, झाडावर नुसती पानं दिसली, त्याने शाप दिला आणि झाड वाळून गेलं. "हंगाम होता काय अंजिराचा?" सासूबाईंनी विचारलं. "नव्हता." "मग झाडाची काय चूक वो? शाप देनारे बुवा आमच्याकडे ढिगानं हायेत, तुमच्याकडेबी निघाले." बाई म्हणाल्या, "तो भाग मला अजून कळलेला नाही." पंचवीस वर्षं शिकवलेल्या बाईला असं म्हणता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. मला ते बरीच वर्षं जमलं नाही.

मग भाषावार प्रांत झाले. आम्ही जागचे हललो नाही, राजधानी हलली. नागपूर होतं, त्याचं भोपाळ झालं. कचेरीतले कागद हिंदीतून यायला लागले, दुकानांच्या पाट्या बदलल्या, बाजारात येणारा मालही हळूहळू दुसरीकडून यायला लागला. शाळेत वरून पत्र आलं, की आता हिंदीतून शिकवणं वाढवायचं आणि एक शिक्षिका जास्त होते ती डोईफोडियाला पाठवायची. डोईफोडिया म्हणजे खकनारच्या पुढे, जंगलाच्या कडेला. मोटार दिवसातून एकदा, तीही मनात आलं तर. नियमाने जायला हवं होतं मला, कारण मी सगळ्यांत नवी. माझं मूल अजून वर्षाचं झालं नव्हतं, नवरा इथल्या कचेरीत. डोईफोडिया म्हणजे माझी नोकरी गेलीच. मधेच एक साहेब वर्ग पाहायला आले होते. बाईंनी त्यांचं स्वागत केलं ते असं : "आइए, बैठिए. हम इधर पंचवीस साल से शिकवता है." साहेबांनी नुसत्या भुवया वर केल्या. नंतर हेडमास्तरांनी आम्हा चौघींकडून लेखी मागितलं, की कोणाचं हिंदी कसं आहे, एकमेकींबद्दल लिहा. मी दोन ओळी लिहिल्या : मोठ्या बाईंचं हिंदी कच्चं आहे, वर्गात त्या मराठीच बोलतात. यात एक शब्द खोटा नव्हता. कागद दिला, घरी आले, मुलाला भात भरवला. महिन्याभराने हुकूम आला. बाई डोईफोडियाला.

हुकूम हातात घेऊन बाई शांत होत्या. अन्याय स्वतःवरचा, म्हणजे वाखाला हात लावायचा प्रश्नच नव्हता; फक्त माफी. संध्याकाळी त्यांनी सासूबाईंना अस्त विचारला आणि त्या हेडमास्तरांच्या घरी गेल्या. पुढचं मला दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनीच सांगितलं. दारात उभ्या राहून बाई म्हणाल्या, "मी तुम्हाला माफ केलंय." हेडमास्तर घाबरले असावेत. म्हणाले, "बाई, माझं काही नाही हो यात. तुमच्या समोर राहतात त्यांनी लिहून दिलंय." आणि कागद काढून दाखवला. बाईंनी तो वाचला, घडी घालून परत दिला आणि निघाल्या. मी तेव्हा घराच्या ओट्यावर तांदूळ निवडत होते. बाई गल्लीच्या तोंडाशी दिसल्या. अस्ताला अजून सहा-सात मिनिटं होती. मी सूप खाली ठेवलं. बाई आमच्या दारावरून गेल्या, आपलं कुलूप काढलं आणि आत गेल्या. सासूबाई आतून पंचांग हातात घेऊनच बाहेर आल्या. "आज कोनाकडे गेली ती?" आम्ही दोघी समोरच्या दाराकडे पाहत बसलो. पंचांगातला सूर्य मावळला. दार उघडलं नाही.

त्यानंतर दहा दिवस बाई माझ्याशी कामापुरतं बोलत होत्या. "खडू." "तिसरीची हजेरी." मधल्या सुट्टीत डबा वर्गात खात. मी स्वतःला सांगत होते, की मी खरं तेच लिहिलं, मूल लहान आहे, बाई एकट्या आहेत, त्यांना काय इथे आणि काय तिथे. हिशोब बरोबर होता; तरी मी भात करपवत होते. सासूबाईंना मी सगळं सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "मग जा नं तिच्याकडे." "मी? जाऊन काय म्हणू?" इतकी वर्षं माफ करायला बाईच दारोदार जायच्या, त्यामुळे माफी मागायची सवय गल्लीत कुणालाच राहिली नव्हती. आमच्या हातून चूक झाली की आम्ही दिवेलागणीपर्यंत थांबायचो. घरपोच मिळत होतं. "सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हनतात," सासूबाई पुटपुटल्या. कुणाच्या पिळाबद्दल, ते मी विचारलं नाही.

पाडवा आला. बाईंची मोटार पाडव्यानंतरच्या तिसऱ्या दिवशीची. पाडव्याला नवं पंचांग पुजायचं म्हणून मी बाजारात गेले, तर आमचं नेहमीचं मुंबईत छापलेलं पंचांग आलंच नव्हतं. यंदा उज्जैनचं घ्या, दुकानदार म्हणाला. घेतलं. खिळ्यावर अडकवण्याआधी जुन्याचं शेवटचं पान आणि नव्याचं पहिलं पान सहज शेजारी धरलं. मी गणित शिकवते, आकडे मला टोचतात. काल सूर्य मावळला सहा बावन्नला आणि आज मावळणार सहा चाळीसला. एका दिवसात बारा मिनिटं. सूर्य असं करत नाही. थोडा वेळ लागला, मग उजेड पडला. जुन्या पंचांगातला सूर्य मुंबईचा होता. मुंबई पश्चिमेला, तिथे उशिरा मावळतो. उज्जैन जवळपास आमच्या सरळ उत्तरेला, म्हणून त्याची वेळ तीच आमची. आमचा केव्हाच मावळलेला असायचा. मी दोन्ही पंचांगं सासूबाईंपुढे धरली. त्यांनी चष्मा लावून दोनदा पाहिलं आणि खाली बसल्या. "म्हनजे इतके वर्सं मी तिले..." "हो." "सगळे मुहूर्त?" "सगळे."

त्या दिवशी दिवे लागून गेल्यावर मी दोन्ही पंचांगं काखेत मारली आणि समोर गेले. मोकळ्या हाताने गेले असते तर बरं झालं असतं, पण मला काहीतरी काम असल्याशिवाय कुणाकडे जाता येत नाही. बाई ट्रंक भरत होत्या. वाखाची जुडी पडवीत तशीच होती, एक हातसुद्धा वळलेली नव्हती. मला पाहून त्यांनी सवयीने घड्याळाकडे पाहिलं.

"आता काय उपयोग," त्या म्हणाल्या. "वेळ टळली. त्या दिवशीच टळली. मी तुझ्या दारापर्यंत आले होते. पाय वर चढले नाहीत. दहा दिवस झाले, तो भाडेकरू आत बसलाय." छातीवर त्यांनी बोट ठेवलं. "आणि दोरीही वळता येत नाही, कारण हा राग माझ्यासाठीच आहे. दुसऱ्या कुणासाठी आहे असं ठरवायला मी फार खटपट केली. शाळेतल्या मुलींसाठी, मराठीसाठी. प्रामाणिकपणे ते जमेना."

"मी लिहिलं ते खरं होतं, बाई," मी म्हणाले. एवढंच तयार होतं.

"खरंच होतं. माझं हिंदी वाईट आहे. पण तू मला आधी सांगितलं असतंस, तर ते मीच लिहून दिलं असतं. तुझं मूल लहान आहे हे मला दिसत नव्हतं का? त्या पाळण्याला दोरी माझीच आहे ना?"

उत्तर सुचायला मला दोन मिनिटं लागली आणि सुचलं तेही फार नव्हतं. "चुकलं," मी म्हणाले. गल्लीत हा शब्द बाईंना कुणी ऐकवला नसावा. त्या माझ्याकडे जरा घाबरूनच पाहायला लागल्या, आता पुढे काय करतात ते ठाऊक नसल्यासारख्या. मग मी पंचांगं ट्रंकेवर उघडून ठेवली आणि आकड्यांवर बोट ठेवून समजावून सांगितलं. आपला सूर्य मुंबईचा होता. इथला बारा मिनिटं आधी मावळतो. आणि बाई निघायच्या त्या अगदी अस्ताच्या टोकाला. म्हणजे आजवरची बाईंची जवळजवळ एकही माफी वेळेत पडलेली नाही.

बाईंनी चष्मा लावला. दोन्ही पानं पाहिली. गळ्यातलं घड्याळ हातात धरून बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिल्या. "गवळ्याची?" "उशिरा." "हेडमास्तरांची?" "उशिरा." "आणि तुझ्या सासूबाईंची? ती मोरीतली?" "उशिरा." बाई ट्रंकेवर बसल्या. "म्हणजे त्यांना माफ झालंच नाही म्हणायचं." "त्या पहिल्यापासून तेच म्हणतायत." यावर बाई हसल्या. त्यांचं हसणं मोठं होतं, डोळ्यांत पाणी येईपर्यंतचं, आणि ते एकदा सुरू झालं की थांबायला वेळ लागायचा. समोर आमच्या दारातला पडदा हलला. सासूबाई ऐकत होत्या.

"पण गवळ्यावर माझा राग राहिला नव्हता," डोळे पुसत बाई स्वतःशीच म्हणाल्या. "तुझ्या सासूवरही नाही. अंधारात दिलेली माफीसुद्धा लागली म्हणजे." मग उठल्या. मला वाटलं, आता नेहमीचं वाक्य येणार. ते आलं नाही. त्यांनी स्टोव्ह पेटवला आणि म्हणाल्या, "बस. चहा टाकते. दूध पातळ आहे, मला अजून पातळच देतो तो." मी बसले. चहा होईस्तोवर सासूबाई आल्या. उंबऱ्यापर्यंतच, पण आल्या. हातात पाडव्याच्या पुरणपोळ्यांचा डबा होता. "प्रवासात खा," त्या म्हणाल्या, आणि जाता जाता, "ते अंजिराचं कळलं काय वो बाई?" "नाही अजून." "कळलं की कळवा."

तिसऱ्या दिवशी बाई खकनारच्या मोटारीने गेल्या. वाखाची जुडी टपावर टाकली. डोईफोडियात त्या किती हिंदी बोलल्या मला माहीत नाही, पण रागवायला त्यांना तिथे भरपूर मिळालं असावं, कारण पहिल्या दिवाळीला मोटारवाल्याने पाच दोऱ्या आणून दिल्या, चांगल्या वीस-वीस हातांच्या. पुढच्या वर्षी तीन. मग दरसाल कमी, आणि आखूड. सासूबाई दोऱ्या हाताने मोजून सांगायच्या, "यंदा सुखी हाय." नोकरी संपल्यावरही बाई तिथेच राहिल्या. शेवटच्या वर्षी दोरी आलीच नाही. नुसता वाख आला, न वळलेला, आणि सोबत कार्ड. हात आता चालत नाहीत, वळायचं ते तूच वळ, आणि तुझ्या सासूबाईंना सांग, अंजिराचं अजून कळलेलं नाही. सासूबाई तेव्हा नव्हत्या. मी कार्ड पंचांगाच्या खिळ्याला अडकवलं. पावसाळ्यात बाई गेल्याचं मोटारवाल्याकडूनच कळलं.

बाईंच्या घरात आता एक हिंदी बोलणारं बिऱ्हाड आहे. परवा त्यांच्या बाईशी माझं सांडपाण्यावरून वाजलं. चूक त्यांची होती, निदान अर्धी. मी वाख काढून बसले. मला वळायला बाईंसारखं येत नाही, पीळ उलगडतो. हातभर झाली तेव्हा पाहिलं, तर राग होता, पण उरलेली अर्धी चूक कुणाची हेही दिसायला लागलं होतं. पंचांग पाहिलं. उज्जैनचंच आहे, तरी उशीर नको म्हणून मी आणखी बारा मिनिटं वजा करते. चपला घातल्या आणि समोर गेले. "अरे भाभीजी, आप क्यों आईं, हम आने ही वाले थे," त्या म्हणाल्या. ते काही खरं नव्हतं. पण मी बसले, चहा घेतला. निघताना त्यांच्या पडवीत पाहिलं, तर कपडे वाळत घालायची दोरी बाईंचीच आहे अजून. जरा सैल झालीय. उद्या जाऊन ताणून देईन.